विणलेले शरीर : मानवी ऊतके आणि त्यांची कार्ये

मागील प्रकरणात आपण पेशीची रचना पाहिली. परंतु मानवी शरीरात पेशी एकटी अशी क्वचितच नांदते. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी असाव्यात असा अंदाज आहे आणि त्यांचे दोनशेच्या आसपास प्रकार मानले जातात. एकाच प्रकारचे काम करणाऱ्या पेशी एकमेकींना धरून राहतात व आपल्याभोवतीच्या द्रव्यासह एक समुदाय बनवितात. ह्या समुदायाला ऊतक असे म्हणतात. शालेय पुस्तकांत त्यासाठी ‘ऊती’ हा शब्दही योजलेला आढळतो. अनेक ऊतके एकत्र येऊन इंद्रिय बनते आणि इंद्रियांच्या परस्परसहकार्याने शरीर चालते.

हा शब्द अर्थपूर्ण आहे. संस्कृतात ‘वे’ म्हणजे विणणे आणि ‘ऊत’ म्हणजे विणलेले. आपल्या नित्याच्या ‘ओतप्रोत’ ह्या शब्दातही हाच उभ्या-आडव्या धाग्यांचा अर्थ दडलेला आहे. इंग्रजीतील ‘टिश्यू’ हा शब्दही विणलेल्या कापडावरूनच आला. शरीराच्या अभ्यासकांना वस्त्राची उपमा सुचली ह्यात नवल नाही. वस्त्राप्रमाणेच शरीरातही धाग्यांचे प्रकार थोडे आणि विणीचे प्रकार पुष्कळ असतात.

ऊतकांची कल्पना प्रथम पद्धतशीरपणे मांडली ती झाव्हिए बिशा ह्या फ्रेंच वैद्याने. हा वैद्य १८०२ साली अवघ्या तिसाव्या वर्षी वारला. सूक्ष्मदर्शकाची मदत न घेता, केवळ शवविच्छेदन करून व निरनिराळ्या भागांवर उष्णता, पाणी, आम्ल इत्यादींचे परिणाम पाहून त्याने शरीरात एकवीस प्रकारची ऊतके असल्याचे सांगितले. रोग हा संपूर्ण इंद्रियाला होत नसून त्या इंद्रियातील एखाद्या विशिष्ट ऊतकाला होतो, हा त्याचा विचार फार मोलाचा ठरला. पुढे सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने झालेल्या अभ्यासातून ऊतकांचे चार मुख्य वर्ग निश्चित झाले : अभिस्तर ऊतक, संयोजी ऊतक, स्नायू ऊतक आणि तंत्रिका ऊतक.

आयुर्वेदातील सप्तधातूंशी ही विभागणी जुळते काय, असा प्रश्न मराठी वाचकाच्या मनात साहजिकच येईल. रक्त, मांस, मेद, अस्थी ही नावे दोन्हीकडे आहेत हे खरे. परंतु विभागणीची तत्त्वे वेगळी आहेत. अन्नरसापासून एकापुढे एक धातू कसे पोसले जातात हा धातुविचाराचा क्रम होय. ऊतकविचार हा पेशींच्या रचनेवर व कार्यावर आधारलेला आहे. म्हणून एकाचे शब्द दुसऱ्याच्या जागी न योजणे बरे.

चारही ऊतकांचा परिचय करून घेताना एक प्रश्न आपण सतत जवळ बाळगू : झिजले वा फाटले असता हे ऊतक स्वतःला पुन्हा विणू शकते काय? जखम भरणे, अवयव कायमचा निकामी होणे, एका माणसाचे ऊतक दुसऱ्याच्या उपयोगी पडणे ह्या सर्व गोष्टींची उकल बहुतांशी ह्या प्रश्नाच्या उत्तरात सापडते.

अभिस्तर ऊतक

शरीराचा बाह्य पृष्ठभाग आणि आतील सर्व पोकळ्या व नलिका ह्यांच्यावर अभिस्तराचे आच्छादन असते. त्यातील पेशी एकमेकींना अगदी खेटून असतात. त्यांच्यामध्ये मोकळी जागा जवळजवळ नसते. त्या एका पातळ आधारपटलावर बसलेल्या असतात. ह्या ऊतकात रक्तवाहिन्या नसतात. त्याचे पोषण खालच्या थरातून झिरपून येणाऱ्या द्रवावर होते.

जसे काम तशी वीण, हे तत्त्व येथे स्पष्ट दिसते. फुप्फुसातील वायुकोशांचा अभिस्तर चपट्या पेशींच्या एकाच थराचा असतो, कारण त्यातून प्राणवायू चटकन पार व्हावयाचा असतो. मूत्रपिंडाच्या नलिकांत घनाकार पेशी असतात, तर आतड्यात उंच, स्तंभासारख्या पेशी अन्नरस शोषून घेतात. त्वचा, तोंड, अन्ननलिका ह्यांना घर्षण सोसावयाचे असल्यामुळे तेथे पेशींचे अनेक थर एकावर एक रचलेले असतात. मूत्राशयाचा अभिस्तर तर असा की, मूत्राशय भरला म्हणजे तो ताणून पातळ होतो व रिकामा झाला म्हणजे पुन्हा जाड होतो.

श्वासनलिकेच्या अभिस्तराला सूक्ष्म केसांसारखे रोमक असतात. ते एकाच दिशेने लवत राहतात आणि धुळीचे कण अडकलेला चिकट श्लेष्मा घशाकडे ढकलतात. दिल्ली व तिच्या आसपासच्या नगरांत हिवाळ्याच्या आरंभी धुरकट हवेचा जो थर साचून राहतो, त्याचा पहिला मारा ह्या रोमकांवर होतो. मोठे कण ते अडवू शकतात; परंतु अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण त्यांना चुकवून थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तंबाखूचा धूर वर्षानुवर्षे लागत राहिला तर रोमक असलेल्या पेशी नाहीशा होऊन त्यांच्या जागी चपट्या पेशींचे थर येतात. हे आच्छादन अधिक चिवट असते खरे, पण त्याला झाडलोट करता येत नाही.

शरीरातील ग्रंथी हाही अभिस्तराचाच विस्तार होय. घाम, लाळ, पाचकरस व अनेक संप्रेरके अभिस्तर पेशीच तयार करतात. गळ्यातील अवटू ग्रंथीच्या पेशींना आपले संप्रेरक बनविण्यासाठी आयोडीन लागते. ते मिळेनासे झाले की ग्रंथी फुगते व गलगंड दिसू लागतो. हिमाचल प्रदेशातील कांग्रा खोऱ्यात १९५६ पासून ह्या विषयावर एक प्रसिद्ध प्रयोग झाला. पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे संचालक झालेले डॉ. व्ही. रामलिंगस्वामी त्यात अग्रणी होते. खोऱ्याचे तीन विभाग करून दोहोंत आयोडीनयुक्त व एकात साधे मीठ पुरविण्यात आले. काही वर्षांतच पहिल्या दोन विभागांतील गलगंडाचे प्रमाण लक्षणीय रीतीने घटले. १९६२ साली भारत सरकारने गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. ऊतकाला नेमके काय हवे आहे हे कळले तर चिमूटभर मीठही औषध ठरते, ते असे.

अभिस्तराची पुनर्निर्मिती अतिशय वेगवान असते. आतड्याचे अस्तर तीन ते पाच दिवसांत नवे होते. त्वचेच्या बाह्यस्तराला सुमारे एक महिना लागतो. परंतु ह्या गुणाची दुसरी बाजूही आहे. जेथे पेशी सतत विभागतात तेथे विभाजनात बिघाड होण्याचा संभवही अधिक असतो. प्रौढांत आढळणारे बहुसंख्य कर्करोग अभिस्तरातच उगम पावतात.

संयोजी ऊतक

अभिस्तराखाली जे असते ते संयोजी ऊतक. येथे पेशी विरळ आणि त्यांच्यामधील आधारद्रव्य विपुल, अशी उलटी स्थिती असते. ह्या आधारद्रव्यावरून ऊतकाचे स्वरूप ठरते. ते द्रवरूप असले तर रक्त, लवचिक व घट्ट असले तर कूर्चा, क्षारांनी कठीण झालेले असले तर अस्थी. रक्त आणि हाड ही एकाच घराण्यातील होत, हे प्रथमदर्शनी आश्चर्याचे वाटते.

संयोजी ऊतकाचा मुख्य धागा म्हणजे कोलॅजेन नावाचे प्रथिन. शरीरातील एकूण प्रथिनांपैकी सुमारे चौथा हिस्सा ह्या एकट्या प्रथिनाचा असतो. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरा व हाडाला हाडाशी बांधणारे अस्थिबंध कोलॅजेनच्याच दोरखंडांनी बनलेले असतात. कोलॅजेन नीट वळले जाण्यास क जीवनसत्त्व आवश्यक असते. जुन्या काळी लांबच्या सफरीवरील खलाशांना ताजी फळे मिळत नसत. त्यांच्या हिरड्यांतून रक्त येई व भरलेल्या जखमा पुन्हा उकलत, त्याचे कारण हेच.

धागा कमी पडल्याने जसा रोग होतो तसा तो अतिरेकानेही होतो. सुपारी चघळण्याची सवय असलेल्यांच्या तोंडात अभिस्तराखाली कोलॅजेन साचत जाते, गालांचे अस्तर ताठर होते आणि तोंड उघडेनासे होते. मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी ह्यांनी १९५३ साली ह्या विकाराचे वर्णन करून त्याला जे नाव दिले, ते आजही जगभर रूढ आहे. पुढे अशा तोंडात कर्करोग उद्भवण्याचा धोका असतो. गुटख्याच्या पुडीतही मुख्य वस्तू सुपारीच असते, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या वर्णनाचे गांभीर्य कळते.

अस्थी निर्जीव वाटते, पण ती तशी नाही. तिच्यात रक्तवाहिन्या असतात. काही पेशी जुने हाड पोखरतात, तर काही नवे रचतात. म्हणूनच मोडलेले हाड सांधते. ह्याउलट कूर्चेत रक्तवाहिन्या नसल्यामुळे गुडघ्यातील झिजलेली कूर्चा सहसा भरून येत नाही. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण फार असले तर हाडांची घडण बिघडून सांधे ताठर होतात. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड ह्या जिल्ह्यांतील काही गावांना ह्याचा अनुभव आहे.

मेद हेही संयोजी ऊतकच. ते इंधन साठविते, उष्णता राखते व नाजूक इंद्रियांना गादीप्रमाणे आधार देते. रक्ताविषयी पुढे स्वतंत्र प्रकरण आहे. येथे एवढेच सांगणे पुरे की, प्रौढ माणसात ते सुमारे पाच लिटर असते आणि त्यातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्यांची भरपाई अस्थिमज्जा अखंड करीत असते. रक्तदान सहज शक्य होते ते ह्यामुळे.

स्नायू ऊतक

आकुंचन पावणे हे स्नायू ऊतकाचे कार्य होय. त्याचे तीन प्रकार आहेत. हाडांना जोडलेले स्नायू आपल्या इच्छेनुसार चालतात. त्यांच्या लांबट तंतूंवर सूक्ष्मदर्शकाखाली आडवे पट्टे दिसतात. आतडी, रक्तवाहिन्या, गर्भाशय ह्यांच्या भित्तींत पट्टे नसलेले अरेखित स्नायू असतात. ते संथपणे व आपल्या नकळत काम करतात. तिसरा प्रकार हृदयाचा. त्यात पट्टे असूनही तो इच्छेच्या अधीन नसतो. त्याच्या पेशी फांद्यांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या असल्यामुळे एका ठिकाणी सुरू झालेली लाट सबंध हृदयात पसरते. मिनिटाला ७२ ठोके धरले तर दिवसाकाठी त्यांची संख्या एक लाखावर जाते.

पुनर्निर्मितीच्या बाबतीत हे तीन प्रकार सारखे नाहीत. अरेखित स्नायू बऱ्यापैकी वाढू शकतात. गर्भारपणात गर्भाशय कितीतरी पटींनी मोठा होतो तो त्यांच्यामुळे. हाडांच्या स्नायूंजवळ काही राखीव पेशी असतात व त्या लहानसहान इजा भरून काढतात. हृदयाच्या स्नायूत मात्र वर्षाला शंभरातील एकही पेशी नवी होत नाही. हृदयविकाराच्या झटक्यात जो भाग मरतो त्याच्या जागी संयोजी ऊतकाचा व्रण तयार होतो. तो भोक पडू देत नाही, पण आकुंचनही पावत नाही. झटक्यानंतर रुग्णास रुग्णालयात नेण्याची जी घाई करावी लागते तिचे मर्म येथे आहे. वाया गेलेला प्रत्येक क्षण हा न भरून येणाऱ्या ऊतकाचा असतो.

तंत्रिका ऊतक

व्यवहारात आपण ज्यांना मज्जातंतू म्हणतो ते ह्या ऊतकाचे भाग. तंत्रिकापेशीला एक लांब शेपटासारखा तंतू असतो. कण्यापासून पायाच्या बोटापर्यंत जाणाऱ्या तंतूची लांबी एक मीटरपर्यंत असू शकते. जलद तंतूंतून संदेश सेकंदाला शंभर मीटरपर्यंत वेगाने धावतो. मेंदूत अशा सुमारे ८,६०० कोटी पेशी असतात. त्यांना आधार देणाऱ्या, पोसणाऱ्या व त्यांच्या तंतूंवर वेष्टन चढविणाऱ्या सहायक पेशीही ह्याच ऊतकात मोडतात.

ह्या ऊतकाचे महत्त्व ते नष्ट झाले म्हणजे अधिक कळते. कुष्ठरोगाचे जंतू हातापायांच्या तंत्रिकांतील वेष्टन-पेशींत शिरतात. त्यामुळे संवेदना नाहीशी होते. चूल भाजते, खिळा टोचतो, चप्पल लागते, पण वेदना होत नाही. जखमा चिघळतात आणि अखेर बोटे झडतात. म्हणजे बोटे थेट रोग खात नाही. वेदनेचा पहारा उठल्यामुळे ती जातात. वेल्लोर येथील डॉ. पॉल ब्रँड ह्यांनी ही गोष्ट स्पष्ट करून लुळ्या हातांवर कंडरा बदलण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. बाबा आमटे ह्यांनी १९४९ साली वरोरा येथे महारोगी सेवा समिती स्थापन केली. हात विद्रूप झाले तरी माणूस श्रम करून ताठ मानेने जगू शकतो, हे आनंदवनाने दाखवून दिले. आज बहुविध औषधोपचारांनी हा रोग पूर्ण बरा होतो. परंतु मेलेली तंत्रिका क्वचितच परत येते. म्हणून बधिर चट्टा दिसताच उपचार सुरू करणे अगत्याचे आहे. मेंदू व कणा ह्यांतील तंत्रिकापेशींची भरपाई तर जवळजवळ होतच नाही.

एका नाकाची गोष्ट

चारही ऊतके एकमेकांवर किती अवलंबून असतात हे दाखविणारे एक उत्तम उदाहरण पुण्याचे आहे. कावसजी नावाचा मराठा शेतकरी जातीचा एक बैलवाला इंग्रजांच्या सैन्यात होता. टिपूबरोबरच्या युद्धात १७९२ साली तो पकडला गेला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आले. पुढे पुण्याजवळ, विटा करणाऱ्यांच्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक बसविले. दोन इंग्रज वैद्यांनी ती शस्त्रक्रिया पाहिली आणि तिची हकीकत १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ ह्या मासिकात छापून आली.

त्या कारागिराने प्रथम मेणाचा पातळ साचा नाकाच्या जागी बसवून पाहिला. मग तो कपाळावर पसरून त्याभोवती रेघ आखली. त्या आकृतीची त्वचा त्याने सोडविली. परंतु दोन भुवयांमधील एक अरुंद पट्टी तशीच जोडलेली ठेवली. नंतर ती त्वचा वळवून खाली आणली व नाकाच्या खुंटाच्या ताज्या केलेल्या कडांत बसविली. वर पाण्यात भिजविलेल्या काताचा लेप लावला आणि काही दिवसांनी तुपात बुडविलेल्या कापडाच्या पट्ट्या ठेवल्या. सुमारे पंचविसाव्या दिवशी ती पट्टी कापली.

ती पट्टी राखण्यातच सारे कौशल्य होते. त्वचेच्या अभिस्तराला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तो खालच्या संयोजी ऊतकावर जगतो आणि ते ऊतक रक्तावर. पट्टीतून जुना रक्तपुरवठा चालू राहिला. तेवढ्या अवधीत खुंटाच्या बाजूने नव्या केशवाहिन्या आत शिरल्या, कोलॅजेनचे धागे दोन्हींकडून गुंफले गेले व अभिस्तराने सांधा झाकला. मग पट्टीची गरज उरली नाही. त्या कारागिरास पेशी वा ऊतक हे शब्द ठाऊक असणे शक्यच नव्हते. पण ऊतकाला काय लागते हे त्याच्या हातांना कळले होते. ही हकीकत वाचूनच लंडनच्या जोसेफ कार्प्यू ह्या शल्यविशारदाने १८१४ साली अशी शस्त्रक्रिया केली आणि आधुनिक सुघटन शल्यशास्त्राला नवी चालना मिळाली.

ऊतकदान

कावसजीचे नाक त्याच्याच कपाळातून घडले. एकाचे ऊतक दुसऱ्यास देण्याचा प्रश्न त्याहून अवघड आहे, आणि तो केवळ वैद्यकाचा राहत नाही. संसदेने १९९४ साली मानवी इंद्रियांच्या प्रतिरोपणाचा कायदा केला. आरंभी तो महाराष्ट्र, गोवा, हिमाचल प्रदेश आणि दिल्लीसह सर्व केंद्रशासित प्रदेशांना लागू झाला. त्यात विचार मुख्यतः मूत्रपिंड, यकृत, हृदय ह्यांसारख्या इंद्रियांचा होता. २०११ च्या दुरुस्तीने कायद्याच्या नावातच ‘ऊतके’ हा शब्द घालण्यात आला. शरीरात विशिष्ट कार्य करणारा, रक्त वगळून, पेशींचा समूह अशी ऊतकाची व्याख्या कायद्याने केली. जीवशास्त्राच्या दृष्टीने रक्तही ऊतकच आहे; पण रक्तदानाचे नियम स्वतंत्र असल्यामुळे ते येथे वेगळे ठेवले आहे. ह्या कामाची राष्ट्रीय मध्यवर्ती संस्था दिल्लीत सफदरजंग रुग्णालयाच्या आवारात आहे.

इंद्रियदान आणि ऊतकदान ह्यांत एक मोठा व्यावहारिक भेद आहे. हृदय वा यकृत देता यावे ह्यासाठी रक्ताभिसरण चालू असावे लागते. म्हणून असे दान बहुधा रुग्णालयात मेंदूमृत्यू झालेल्या व्यक्तीकडूनच होऊ शकते. ऊतकांचे तसे नाही. हृदय थांबल्यानंतरही काही तास पारपटल, त्वचा, अस्थी, हृदयाच्या झडपा ही ऊतके काढून घेता येतात. घरी वार्धक्याने मृत्यू पावलेली व्यक्तीही ऊतकदान करू शकते.

ह्यांपैकी पारपटल, म्हणजेच कॉर्निया, सर्वांच्या परिचयाचे आहे. डोळ्याच्या समोरील ही पारदर्शक काच वस्तुतः अभिस्तर व अत्यंत व्यवस्थित रचलेले कोलॅजेन ह्यांची बनलेली असते. तीत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ती पारदर्शक असते. आणि म्हणूनच परक्या शरीरात तिला विरोधही कमी होतो. रक्तगट जुळवावा लागत नाही. मृत्यूनंतर साधारणतः सहा तासांच्या आत ती काढावी लागते. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेची राष्ट्रीय नेत्रपेढी १९६५ पासून हे काम करीत आली आहे.

त्वचेचे दान त्यामानाने अल्पपरिचित आहे. त्यासाठी मांड्या व पाठ ह्यांवरून अगदी पातळ थर घेतला जातो. मृतदेह विद्रूप होत नाही. ही त्वचा ग्लिसरॉलमध्ये थंड तापमानात वर्षानुवर्षे टिकविता येते. मोठ्या प्रमाणावर भाजलेल्या रुग्णाच्या अंगावर ती बसविली तर ती कायमची रुजत नाही; काही आठवड्यांत शरीर तिला टाकून देते. पण तेवढ्या काळात ती पाणी व प्रथिने झिरपून जाऊ देत नाही, जंतूंना अडविते आणि वेदना कमी करते. रुग्णाची स्वतःची त्वचा वाढण्यास अवधी मिळतो, आणि ह्या अवधीवरच पुष्कळदा प्राण अवलंबून असतो. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात ती २०२३ साली निघाली. आपल्या देशात स्टोव्ह, चूल व कपडे पेटल्याने भाजणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी असते. हे ध्यानी घेतले म्हणजे अशा पेढ्यांत त्वचा शिल्लक असणे वा नसणे ह्याचा अर्थ काय होतो, ते वेगळे सांगावयास नको.

अभिस्तर झाकतो, संयोजी ऊतक बांधते, स्नायू हलवितो, तंत्रिका खबर देते. जे पुन्हा विणले जाते ते आपण निर्धास्तपणे वापरतो. जे विणले जात नाही ते जपावे लागते. आणि काही ऊतके अशी आहेत की, ज्याची ती होती त्याला त्यांची गरज संपल्यावरही ती दुसऱ्याच्या वस्त्रातील फाटलेली जागा सांधू शकतात. ह्या दानासाठी नातेवाइकांची संमती लागते आणि ती थोड्या तासांतच द्यावी लागते. म्हणून हा विचार घरात आधीच बोलून ठेवलेला असावा. पुढील प्रकरणात आपण ह्या चारही ऊतकांना पोसणाऱ्या रक्ताचा सविस्तर परिचय करून घेऊ.